चाकावरचं माप

मिस्त्री, आधी तो वाद मिटवून टाकू. तुमचं बरोबर होतं. दोन्ही गाड्यांचं माप एकच होतं. कारखान्यानं मागाहून काचेचे खुंट बदलले, स्क्रू बदलले, पण टोपाच्या मापाला हात लावला नव्हता. मी चार दिवस तुमच्याशी डोकं लावलं, "नव्या गाडीत फरक केलाच असणार" म्हणून, ते सगळं हवेतलं होतं. तुम्ही गेल्यावर चोविसाव्या दिवशी हे कबूल करून राहिलो. तुम्ही समोर असते तर बिडी विझवून म्हणाले असते, "लवकर सुचलं बावा तुले."

तुमच्याशी मी असा पुस्तकी कधी बोललो नाही. पण हातात पेन धरला की शाळेतले मास्तर मानेवर येऊन बसतात, त्याला इलाज नाही. तुम्ही कुठे जन्मले, किती शिकले, दीक्षा घेतल्यावर वस्तीतल्या वाचनालयाला कपाटं कशी फुकट करून दिली, हे सगळं सुशीलेनं पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात वाचून दाखवलं. चांगलं वाचलं. मास्तरीण आहे शेवटी तुमची पोरगी. त्यात माझं नाव एकदा आलं, "बाबांचे अमरावतीचे जिवलग मित्र" असं. मी चपलांकडे पाहत बसलो. मला जे सांगायचं होतं ते त्या कागदात नव्हतं, आणि ते तुमच्या तोंडावर सांगायला मला दहा वर्षं मिळाली होती.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगतो. आपण दोघं त्या कामाबद्दल सलग असं कधी बोललोच नाही.

मी तेव्हा अमरावतीला कॅम्पातल्या डॉक्टरसाहेबांकडे ड्रायव्हर होतो. चांदूर रेल्वेच्या शेतकऱ्याचा पोरगा, मॅट्रिकला इंग्रजीत पास आणि गणितात नापास, त्यामुळे इंग्रजीचा तोरा फार. साहेबांनी मुंबईहून दोन माणसांची विलायती गाडी आणली होती. हिरवी, बुटकी, बसलं की बुड रस्त्याला घासतं की काय असं वाटायचं. वर कापडी छत. आपल्याकडच्या वैशाखात त्या कापडाखाली बसणं ही शिक्षाच होती. फुफाटा सगळा आत. तेल्हाऱ्याला पेशंट पाहायला गेलो तर साहेबांची बॅग उघडायच्या आधी बाहेर नेऊन झटकावी लागायची. मग कुणीतरी सांगितलं की अकोल्याच्या एका कापसाच्या जिनवाल्या शेठची याच कारखान्याची, पण चार-पाच वर्षं आधी निघालेली गाडी बाभळीवर आदळून मोडली आहे. इंजिन गेलं, पण तिचा पत्र्याचा टोप आणि समोरची काच चौकटीसकट गोदामात शाबूत आहे. साहेबांनी दोन्ही घेतलं. जुना टोप जुन्या काचेच्याच चौकटीवर बसणारा, म्हणजे नव्या गाडीची काच काढायची, तिच्या जागी जुनी बसवायची आणि वर टोप. हे करील कोण, तर अकोल्यात ज्याला विचारलं त्यानं तुमचंच नाव घेतलं.

डाबकी रोडच्या तुमच्या आवारात मी गाडी उभी केली. तुम्ही गाडीकडे पाहिलंच नाही. मला विचारलं, "जेवला काय?" मी हो म्हणालो. मग तुम्ही गाडीभोवती तीन चकरा मारल्या, खाली झोपले, बोटानं ठिकठिकाणी वाजवून पाहिलं आणि झोपल्या झोपल्याच म्हणाले, "हिच्या आंगात लाकूड कुठंच नाई. मंग हे उभं कायच्यावर हाय?"

तुमचा पहिला प्रश्न तो. मी चेसिस दाखवला, दोन लांब पोलादी पट्ट्या. तुम्ही त्या मुठीत धरून हलवून पाहिल्या, मोटर हलते का म्हणून. मला हसू आलं होतं. आता वाटतं, त्या प्रश्नात सगळं होतं. आणखी एक दिवस त्याचाच विचार केला असता तर पुढचं टळलं असतं.

तुमचा हात बसला तो दमणीवर. बैलांची ती हलकी, छताची गाडी करणारे तुमचे उस्ताद, जुन्या शहरातले मोठे मिस्त्री, त्यांनी तुम्हाला एक नियम घालून दिला होता: चाकं काढल्याशिवाय माप घ्यायचं नाही. दमणीचं चाक आसावर खेळतं, एखादं मातीत रुततं, मग गाडी एका बाजूला कलते आणि माप खोटं येतं. म्हणून चाकं काढायची, गाडी दोन लाकडी घोड्यांवर ठेवायची, एक पुढे एक मागे, मधोमध पाण्यानं भरलेली थाळी ठेवून पातळी पाहायची आणि मग सुतळीला गाठी मारत माप घ्यायचं. फूटपट्टी तुमच्याकडे होती, पण ती कागद उडू नये म्हणून वर ठेवायला. सुतळीच्या गाठीवर तुम्ही केलेलं दमणीचं छत मी पाहिलं आहे. पाऊस आत येत नव्हता.

तर गाडी घोड्यांवर चढली. चाकं भिंतीला टेकवली. आणि आपण आधी काचेचं काम धरलं.

त्या स्क्रूंपायी तुम्ही दोन दिवस झुरले, आठवतं? जुन्या काचेचे खुंट असे होते की चौथाई फिरवलं की स्क्रू सुटायचा. दोन मिनिटांत काच काढून हातात. नव्या गाडीत मात्र ते सोडून सरळ जाड बोल्ट ठोकलेले. तुम्हाला काम अडलं याचं काही नव्हतं. तुम्हाला पडलं होतं की चांगली सोय कारखान्यानं काढून टाकली काहून. लिंबाखाली बसून तुम्ही मला विचारत राहिले, जसं काही मीच तो बदल केला होता. मी म्हणालो, खर्च वाचवला असेल. तुम्ही म्हणाले, "नाई. पैले लोकायले काच काढून हवा खायाची हौस असन. मंग कोनीच काढे नाई. तिकडं पानी लय पडते म्हंतात. जे कोनी वापरत नाई ते कोन करून राह्यलं?" आणि मग स्वतःशीच, "पन ज्यानं पैले केलं, त्याले वाईट वाटलं असन." विलायतेतल्या त्या अनोळखी कारागिराला वाईट वाटलं असेल का, यावर आपण एक अख्खी दुपार घालवली. माझ्या आयुष्यात इतक्या बिनकामाच्या गोष्टीवर मी इतकं मन लावून कधी बोललो नव्हतो.

मग तुम्ही पितळेच्या बारीक नळ्या केल्या, नव्या गाडीच्या भोकांत बसवल्या, आणि जुने खुंट त्यांत असे गेले की जणू तिथलेच होते. काच उभी राहिली. तुम्ही तिला धक्का दिला, हलली नाही. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाही, पण आतून वैनींना हाक मारली, "पाहून जाय जरा." वैनी हात पुसत आल्या, काचेतून पलीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "काचच तं हाय." आपण दोघं हसत बसलो.

जेवणाचंही सांगून टाकतो. पहिले चार दिवस मी स्टेशनाजवळच्या खानावळीत जात होतो. तुम्ही काही म्हणाले नाही. पाचव्या दिवशी वैनींनी विचारलं, "भाकर इथं चालत नाई काय तुमाले?" मी बसलो. त्या दिवसापासून तिथंच जेवलो, आणि इतकी चांगली वांग्याची भाजी मी नंतर खाल्ली नाही. चांदूरला आईला मात्र हे सांगितलं नाही. आईनं विचारलं, "जेवतं कुठं?" मी म्हणालो, "खानावळीत." असली न सांगण्याची सवय मला तेव्हापासूनची आहे. तुम्ही ओळखलं असेल. तुम्ही बरंच काही ओळखून गप्प बसायचे.

काच झाली, टोप राहिला. इथून आपला वाद सुरू झाला.

तुम्ही म्हणत होते, "एकाच कारखान्याच्या गाड्या. साचा बदलाले लय खटाटोप लागते. कोन बदलवते? टोप बसन." मी म्हणालो, काचेचे खुंट बदलले तर टोपही बदलला असणार; इंग्रज काही उगीच नवं मॉडेल काढत नाही. तुम्ही म्हणाले, "इंग्रजाले तू काय जवून पाह्यलं?" मी म्हणालो, निदान त्यांची भाषा वाचता येते मला. आपण टोप उचलून गाडीवर ठेवला. पुढची कड काचेच्या चौकटीवर बसवली तर मागची कड बोटभर मागे जाऊन डिकीवर चढली. मागची नीट बसवली तर पुढची काचेवरून बोटभर लोंबली. टोप बोटभर लांब.

मी किती खूश झालो होतो ते तुम्हाला आठवत असेलच. मी टाळीसुद्धा वाजवली असेल. "पाहा, सांगत नव्हतो? फरक आहे." तुम्ही सुतळी घेतली, पुन्हा मापलं. थाळीत पाणी भरलं, पुन्हा मापलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. बोटभर ते बोटभरच. तुम्हाला ते पटत नव्हतं. हरल्याची चिडचिड नव्हती ती. तुम्हाला खरंच कळत नव्हतं की असं काहून व्हावं. जेवताना हात थांबायचा. "बोटभर," म्हणायचे. "दोन बोटं असती तं मानलं असतं. बोटभर कोन बदलवते?"

त्या दिवसांत गाडीची दारंही नीट लागत नव्हती. वरून दाबून बसायची, ढकलावी लागायची. तुम्ही म्हणाले, "उन्हानं फुगली." मीही तेच म्हणालो. दोघांना दिसलं आणि दोघांनी सोडून दिलं.

मग तुम्ही म्हणाले, "गाडीसंग पुस्तक येते ना? ते पाहून ये. त्यात काई लिवलं असन." तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं आणि तुम्हाला त्याची लाज नव्हती. "तू वाच, मले सांग," एवढंच.

मी अमरावतीला आलो. घरी माझी पोरगी सव्वा महिन्याची होती, बायको माहेराहून नुकतीच आली होती. दुपारी साहेबांच्या व्हरांड्यात बसून पुस्तक काढलं. ते पान अजून डोळ्यासमोर आहे. टोपाचं चित्र, आणि खाली चौकटीत दोन ओळी. टोप बसवताना गाडी सपाट जागी, स्वतःच्या चाकांवरच उभी असली पाहिजे. वर उचलून ठेवली तर आंग मधून वाकतं आणि माप चुकतं.

एका क्षणात मला सगळं कळलं. दारं का दाबत होती ते कळलं. गाडी दोन टोकांना घोड्यांवर, मधला भाग खाली झुकलेला, म्हणून वरच्या कडा एकमेकींकडे आल्या होत्या. टोप लांब नव्हता. गाडी आखडली होती. वर छत नसलेली गाडी वाकते, दमणी वाकत नाही. चाकं लावून जमिनीवर उतरवली की टोप जसाच्या तसा बसणार. तुमचं बरोबर होतं.

मी अकोल्याच्या मोटरीत बसलो तेव्हा सांगायचंच ठरवलं होतं, हे खरं माना. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, मी मनात वाक्य जुळवत होतो. पण तुमच्या आवारात शिरलो तर तिथे एका मोटर कंपनीची तीन माणसं खुर्च्यांवर बसलेली. त्यांच्या बसगाड्यांची आंगं बांधायचं काम तुम्हाला देण्याची बोलणी चालली होती. तुम्ही मला पाहिलं आणि लाडानं म्हणाले, "आले आमचे बॅरिस्टर. बोला, काय म्हनते पुस्तक?" ते तिघं हसले. तुम्हीही हसले.

आणि मी म्हणालो, "पुस्तकात काही नाही."

मी या वाक्याकडे दहा वर्षं सगळ्या बाजूंनी पाहिलं आहे, तुम्ही गाडीकडे पाहायचे तसं. हसले म्हणून? थोडं. सांगितलं तर वाद हरतो म्हणून? जास्त. त्या माणसांसमोर मला बॅरिस्टर म्हणणारा माणूस कोण, असं काही मनात होतं का? होतं. चांदूरच्या आमच्या वाड्याबाहेर तुम्हाला पाणी वरून ओतून दिलं असतं आणि इथं तुम्ही मला चिडवत होते, हे कुठंतरी सलत होतं. तुमच्या घरची भाकर खाऊनही सलत होतं. लिहिताना लाज वाटते, पण आता लाजून काय करू.

आणि एक चौथंही होतं. मला पाहायचं होतं. कापल्यावर काय होतं ते.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत तुम्ही टोप उलटा करून फळीवर ठेवला, पुढच्या कडेला खडूची रेघ ओढली. कात्री हातात घेतली. मग थांबले. माझ्याकडे पाहून म्हणाले, "अजूनबी मन घेत नाई माह्यं. लावू काय?"

मी म्हणालो, "लावा."

तुम्ही बोटभर पट्टी कापली. दोन दिवस ती कड पुन्हा वळवत, ठोकत, घासत बसले. काम इतकं सुंदर झालं की कुठे कापलं ते हात फिरवूनही कळत नव्हतं. घोड्यांवरच्या गाडीवर टोप असा बसला की फटीत काडी जाईना. तुम्ही साहेबांना तार केली. साहेब आले, त्यांच्यासोबत ते मोटर कंपनीवालेही आले, पेढे आले.

चाकं लावून गाडी खाली उतरवली. चाकं टेकली, आणि टोप काचेवरून मागे सरकला. कुरकुर आवाज करत. पुढं बोटभर फट पडली, उजेड आत आला.

तुम्ही पुढे गेले, फटीत बोट घातलं. मला वाटलं आता तुम्ही खाली बसाल. पण तुम्ही काय केलं? "उचला," म्हणाले. सगळ्यांनी मिळून गाडी पुन्हा घोड्यांवर घेतली. फट मिटली. "ठेवा." फट पडली. "पुन्हा उचला." तिसऱ्या वेळी तुमच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी विसरू शकत नाही. तुम्हाला आनंद झाला होता. चार दिवस छळणारी गोष्ट कळली होती. "वाकते," तुम्ही म्हणाले. "पाह्य वासुदेव, पोलाद वाकते. म्हनून दारं दाबत होती. पाह्य, पाह्य." तुम्ही मला हाताला धरून जवळ नेलं, मला दाखवायला. मला.

मग तुम्ही मागे वळून पाहिलं आणि साहेबांचा चेहरा दिसला. पेढ्यांचा पुडा तसाच बांधलेला होता.

पुढचं सगळं अकोल्याला माहीत आहे. त्या फटीत तुम्ही सायकलच्या ट्यूबची पट्टी शिवून बसवली. गाडी जोरात गेली की ती शिट्टी वाजवायची, आणि साहेब प्रत्येक शिट्टीला चिडायचे. टोप दुसरा मिळणार नव्हता. मोटर कंपनीवाल्यांनी बसचं काम दुसऱ्याला दिलं. बाजारात तुम्हाला "टोपकाप्या" म्हणायला लागले. वस्तीतल्या माणसाचं एक काम चुकलं तर लोक ते काम चुकलं असं म्हणत नाहीत, हे मला सुशीलेनं परवा सांगितलं. "दुसऱ्याची चूक होते काका, आमची लायकी निघते." तुम्ही पुन्हा मोटरीच्या कामाला हात लावला नाही. दमण्या कमी होत गेल्या, तुम्ही पत्र्याच्या पेट्या आणि कपाटं करू लागले.

आणि मी? परतीच्या वाटेवर साहेब म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस. तुला वाचता येतं म्हणून तुला सोबत ठेवलं होतं." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घरातून पाय निघाला नाही. दुपारी किल्ली परत द्यायला गेलो, तर साहेब पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "गाडी पुसली का?" बस्. पुढे तीन वर्षं त्यांच्याकडेच होतो. मग बडनेरा रोडला मी छोटं गॅरेज टाकलं, साहेबांनीच गिऱ्हाइकं पाठवली. "पुस्तक पाहून काम करणारा माणूस आहे," असं म्हणून पाठवायचे. मला वाटायचं, साहेबांचा राग रात्रीतून उतरला असावा. कसा उतरला, हे मनात अधूनमधून यायचं, पण कुणाला विचारलं नाही.

तुम्हाला भेटायला मात्र येत राहिलो. पार्ट घ्यायला अकोल्याला आलो की तुमच्याकडे एक चक्कर. तुम्ही गाड्यांचं विचारायचे. नव्या गाड्यांत आता चेसिसच नसतो म्हणालो तेव्हा तुम्ही काम सोडून दोन तास ऐकत बसले, मग उभं कायच्यावर राहते, कसं राहते. दर वेळी मी ठरवून यायचो, आज सांगू. दर वेळी मी काहीतरी दुसरं सांगून मोटरीत बसायचो. दवाखान्यात आलो तेव्हा तुमचा हात धरून बसलो होतो, आणि तुम्हाला पोरीच्या शाळेचं सांगून आलो.

म्हणून कार्यक्रम झाल्यावर, माणसं गेल्यावर, मी सुशीलेला आणि वैनींना बसवून घेतलं. म्हणालो, मला एक सांगायचं आहे. सगळं सांगितलं. पुस्तकाचं, व्हरांड्याचं, "लावा" म्हणालो त्याचं. मला वाटलं होतं सुशीला उठून जाईल, नाही तर मला जा म्हणेल. मी त्याची तयारी करून आलो होतो.

सुशीला म्हणाली, "माईत हाय, काका."

मी म्हणालो, "कसं?"

तिनं सांगितलं ते असं. त्या दिवसाच्या दुसऱ्या सकाळी तुम्ही पहिल्या मोटरीनं अमरावतीला गेले होते. साहेबांच्या बंगल्यावर, माफी मागायला. साहेबांनी तुमच्यासमोर पुस्तक उघडलं, त्या दोन ओळींवर बोट ठेवलं, मराठीत सांगितलं आणि विचारलं, माझ्या माणसानं हे तुला सांगितलं नव्हतं का? तेव्हा तुम्हाला पहिल्यांदा कळलं. आणि तुम्ही साहेबांना म्हणाले, "सांगतलं होतं. त्यानं बरोबर सांगतलं होतं. मीच आयकलं नाई." एवढं बोलून तुम्ही परतीच्या मोटरीत बसले. घरी येऊन वैनींना म्हणाले, त्याचं लेकरू सव्वा महिन्याचं हाय.

मी विचारलं, रागावले नव्हते का? सुशीलेनं वैनींकडे पाहिलं. वैनी म्हणाल्या, "पैले आठ दिवस तोंडात घास जाये नाई. मंग नाई रागावले." आणि मग त्यांनी मला ते सांगितलं, मिस्त्री, जे मला तुमच्या रागापेक्षा जड गेलं. तुम्हाला पाहायचं होतं. मी सांगेन की नाही आणि सांगायला मला किती दिवस लागतात, ते. तुम्ही त्याचा निकाल लावून टाकला नव्हता. दार उघडं ठेवून बसले होते. मी येऊन गेलो की वैनी विचारायच्या, "सांगतलं काय त्यानं?" तुम्ही म्हणायचे, "आज नाई."

"दवाखान्यातून तुमी गेले ना," वैनी म्हणाल्या, "तवाबी पुसलं मी."

"काय म्हणाले?"

"मान हालवली. आज नाई म्हनले."

मिस्त्री, पुस्तकात होतं. मी ते नीट वाचलं होतं, मला ते नीट कळलं होतं, आणि तुम्ही विचारल्यावर मी तुम्हाला नाही म्हणालो.